हरिपूरच्या पेवात अडकलेली रेकॉर्ड

आधीच सांगून टाकतो, मी विज्ञान शाखेचा माणूस. अमावास्येला बिनधास्त प्रवास करतो. मांजर आडवं गेलं तर आधी त्याला जाऊ देतो आणि मग माझ्या वाटेने जातो. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी बायकोसमोर पुष्कळ हसलोय. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर आता ती हसतेय... हसू दे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरचा हळदीचा व्यापार. तेव्हा हळद जवळच्या हरिपूरला पेवात ठेवायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, वर फरशी आणि माती. आत हळदीला वर्षानुवर्षं काही होत नाही, पण कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. म्हणून पेव आदल्या संध्याकाळी उघडून मोकळं ठेवायचं आणि सकाळी दोरीने पेटता कंदील आत सोडायचा. तो जळत राहिला तरच माणूस उतरणार.

एकदा साताऱ्याहून माझा आत्येभाऊ विलासदादा आला होता. मिलिटरीत होता, सुट्टीवर. पुण्यात कुठल्याशा हिप्पीला स्वतःचा लोकरीचा स्वेटर देऊन त्याने बदल्यात एक एल.पी. रेकॉर्ड मिळवली होती. कव्हरवर ऐरणीवर बसलेला कावळा. याला हेवी मेटल म्हणतात हे आम्हाला कुठलं माहीत... पण सुई टेकली आणि मी खुळा झालो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भांड्यांची मांडणी कोसळली का रे?" आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "हे संपतं कधी?"

मला तर ते संपूच नये असं वाटायचं. तिथेच घात झाला.

एका दुपारी आप्पा मिरजेला निघताना म्हणाले, "संध्याकाळी हरिपूरला जाऊन पेव उघडून ये. उद्या माल काढायचाय." मी हो म्हटलं. एक बाजू ऐकू आणि निघू, असा विचार केला. तेवढ्यात दादा नाचायला लागला, त्याचं कोपर लागलं आणि सुई खर्रकन घसरली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर चरा पडला. आता तिथे आलं की रेकॉर्ड अडकायची – तीन ठोके, एक किंकाळी, परत तीन ठोके, एक किंकाळी. सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवून पाहिलं, कापसाने पुसून पाहिलं. या खटपटीत अंधार पडला आणि पेव राहून गेलं.

पहाटेच्या गाडीने दादा ड्यूटीवर गेला. मी सायकल हाणत हरिपूर गाठलं, वाटेवरच्या दोघांना हाताशी धरून आठ वाजता फरशी सरकवली आणि काल उघडल्यासारखा चेहरा करून बसलो.

दहाला आप्पा आले. सोबत बाबूअण्णा, आमच्याकडे वर्षानुवर्षं पेवात उतरणारा गडी. ट्रक येऊन थांबलेला. त्यात कंदिलाची काच वाटेत फुटलेली.

"काल कधी उघडलंस?" आप्पांनी विचारलं.

"सहाला."

"मग रात्रभर हवा गेलीय. उतर रे बाबू."

मी दोर उचलून बाबूअण्णाच्या हातात दिला. आजही ते आठवलं की लाज वाटते. दोन तासांत कितीशी हवा जाणार, हे मला ठाऊक होतं.

बाबूअण्णाने कमरेला दोर बांधला, पाय आत सोडले आणि तसाच थांबला.

"आवं मालक, आत कुनी हाय का?"

"हळद आहे. अजून कोण असणार?"

"मग ह्ये काय वाजतंय? तीनदा ढण ढण ढण करतंय, मग कोन तरी कोकलतंय. परत ढण ढण ढण, परत कोकलतंय. फुडंच जाईना झालंय."

मी वाकून कान लावला. काही नाही. आप्पांनी लावला. काही नाही.

"बाबू, सकाळी सकाळी घेऊन आलास काय?"

"माळकरी हाय मी, मालक." त्याने पाय वर घेतले. "कंदील सोडल्याबिगर उतरनार न्हाई."

शेजारच्यांचा कंदील मागून आणला. पेटवून आत सोडला. दोन पुरुष खोल गेला असेल नसेल, ज्योत बारीक झाली आणि विझली.

मग मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता सगळ्यांसमोर कानाखाली बसणार. आप्पा पोत्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबूला चार लेकरं आहेत." मार परवडला असता.

संध्याकाळी ते बाबूअण्णाला घरी घेऊन आले. मला म्हणाले, "लाव ते." मी दुसरी बाजू लावली. बाबूअण्णा दारात उभा. हे असलं संगीत त्याने जन्मात ऐकलेलं नव्हतं. तिसऱ्या गाण्यात रेकॉर्ड अडकली, तसा तो पुढे आला.

"ह्येच. हितंच अडाकलं हुतं."

तो चरा पडून एकच दिवस झाला होता. तो फक्त दादाने, मी आणि फार तर आईने ऐकलेला. नंतर कुणी म्हणालं, ट्रकचं इंजिन असेल. कुणी म्हणालं, वाईट हवेने कान वाजले असतील. वाजले असतील, पण नेमके माझ्या रेकॉर्डच्या चालीत?

आप्पांनी ते संगीत शेवटपर्यंत भांड्यांचंच मानलं. पण पेव उघडायच्या आदल्या दिवशी चार वाजले की स्वतःच म्हणायचे, "लाव तुझी भांडी, ऐक आणि नीघ." आणि बाबूअण्णा आत पाय टाकण्याआधी न चुकता विचारायचा, "धाकलं मालक, वाजवून आलाय न्हवं?" तो पुढे म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून, आपल्या अंथरुणात गेला.

परवा नातीने तोच अल्बम मोबाईलवर शोधून दिला. स्वच्छ, चकचकीत आवाज. तिसरं गाणं त्या जागेवर आलं आणि न अडकता सरळ पुढे निघून गेलं. मी तिला मागे घ्यायला लावलं. परत तेच.

"आबा, काय शोधताय?"

तिला म्हटलं, "काही नाही गं. इथे एक माणूस थांबला होता."