चढावरचा ट्रॅक्टर

जर्मनीत ब्राउनश्वाइग शहरात घर मिळेना म्हणून मी आणि नवरा या डोंगराळ गावात आलो. आमचा ड्राइव्हवे इतका चढाचा आहे की बर्फ पडला की गाडी वरच अडकते. मग खालच्या घरातला म्हातारा आपला जुना ट्रॅक्टर घेऊन येतो आणि न सांगता सगळा बर्फ ढकलून देतो. बोलणं कमीच. "आल्झो", म्हणजे "तर मग", एवढं म्हणून थांबतो, आणि पुष्कळदा पुढचं वाक्य येतच नाही. दिवाळीत मी त्याला चिवड्याचा डबा देते. तो डबा धुऊन, त्यात बागेतली सफरचंदं भरून परत आणतो. डबा रिकामा देऊ नये, हे त्याला कोणी शिकवलं कोण जाणे.

यंदा निवडणुकीत त्याने कुंपणावर फलक लावला: परक्यांनी आपापल्या देशात परत जावं.

पुढचा बर्फ पडला तेव्हा मी त्याच्याआधी फावडं घेऊन उतरले. अर्धा चढही साफ झाला नव्हता, तोच ट्रॅक्टर आला.

"माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं. चेहरा खरंच पडला होता.

मी फलकाकडे बोट दाखवलं.

"आल्झो," तो म्हणाला, आणि या वेळी पुढचं वाक्य आलं. "ते तुमच्यासाठी नाही हो. तुम्ही दोघं काम करता."

एवढं बोलून त्याने ट्रॅक्टरचं बर्फ ढकलायचं पातं खाली टाकलं. मी बाजूला झाले, व्हावंच लागलं. चढ लख्ख साफ करून परत जाताना त्याने नेहमीसारखा निरोपादाखल टोपीला हात लावला.

आणि माझा मेला हात सवयीने वर गेलाच.