सोवळी खळ

मथुराबाई सर्जेराव सरदारांच्या वाड्यात स्वयंपाकाला लागल्या त्या नाइलाजाने. नवरा तरणाताठा गेला, डोक्यावरचे केस गेले, आणि माहेरी भावजयीला त्यांचे दोन घास जड झाले. सरदार मराठे, पण त्यांच्याकडे रोज ब्राह्मणांची पंगत उठे, तिच्यासाठी वेगळा मुदपाकखाना होता. तिथं चुलीपाशी राबायचं आणि रात्री तिथंच आडवं व्हायचं. बाईंना दुसरं घर नव्हतं, ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो.

सरदारांचा जन्म मोहिमांत गेला. परक्यांची गावं लुटायची, आपल्या सरंजामातली पिळायची, आणि पाटील गाऱ्हाणं घेऊन आला तर त्याला उन्हात ओणवा उभा करायचा, असा त्यांचा कारभार. म्हातारपणी त्यांना विद्येचा उमाळा आला. उमाळा कसला, पुण्यात तशी हवाच सुटली होती. पूर्वी दारी हत्ती झुलला की सरदार मोठा. आता दारी शास्त्री हवा, पाठशाळा हवी, काशीहून आणवलेल्या जीर्ण पोथ्यांच्या नव्या नकला हव्यात. जुनी विद्या म्हणे पुन्हा जिवंत करायची. स्वतः सरदारांना मोडीत सही करतानाही घाम फुटायचा.

नकला करायच्या तर कागद हवा, आणि चांगला कागद मिळायचा तो कागदीपुऱ्यात. तिथल्या उस्मान कागद्याला काम सांगितलं. पण कागदाला शाई फुटू नये म्हणून तांदळाची खळ लावतात, आणि ती खळ शिजवावी लागते. सरदारांचे श्रीनिवासशास्त्री इथंच अडले.

"शिजलं की ते अन्न झालं," शास्त्री म्हणाले. "यवनाच्या हातचं अन्न लागलेल्या पानावर शास्त्र कसं लिहायचं? खळ सोवळ्यातच शिजली पाहिजे."

चिंध्या कुटायच्या उस्मानच्या घरानं, लगदा गाळायचा त्यांनी, कागद वाळवून दगडानं घोटायचा त्यांनीच. तो सगळा स्पर्श शास्त्रीबोवांच्या शास्त्राला चालला. चालला म्हणजे काय, चालवून घेतला. नाहीतर लिहिणार कशावर, स्वतःच्या पाठीवर?

खळ गरम असतानाच लावायची असते, ती वाड्यातून नेता येईना. तेव्हा शास्त्र्यांनी मथुराबाईंना हुकूम केला: कागदीपुऱ्यात जा, अंगणाच्या कोपऱ्यात सारवून वेगळी चूल मांडा, तिथंच शिजवा. बाई गेल्या. त्यांनाही विटाळ वाटत होताच. त्या काही जगावेगळ्या नव्हत्या. उस्मानची बायको अमीना चुलीच्या जवळपास आली तरी त्या पदर आवरून घेत. अमीना लांबून वळसा घालून जाई.

पावसाळ्याच्या तोंडी बाई तापानं फणफणल्या. चुलीपुढंच कोसळल्या. वाड्यावर निरोप गेला, तर उत्तर आलं की खळ थांबवू नये, पोथ्या गुरुपौर्णिमेला पुऱ्या व्हायच्या आहेत. बाई कशा आहेत, हे कुणी विचारलं नाही.

अमीनेनं त्यांना पडवीत ओढून घेतलं, अंगावर गोधडी टाकली आणि पाण्याचं भांडं ओठांशी धरलं. बाईंनी मान फिरवली.

"बाई, प्या," अमीना म्हणाली. "मेल्यावर सोवळं कुणाला दाखवणार हाय?"

बाई प्यायल्या. ताप उतरेपर्यंत त्याच भांड्यानं प्यायल्या. आणि त्या दिवसांत चुलीवरची खळ करपू नये म्हणून अमीनाच ती ढवळत होती, तीच शिजवत होती. कितीतरी कागदांना तीच खळ लागली. बाई उठून बसल्या तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे बाहेर फुटलं तर सरदार उस्मानच्या पाठीची साल काढतील आणि त्याचं घर धुळीला मिळवतील, हे दोघींनाही सांगायला नको होतं.

पोथ्या झाल्या. रेशमी रुमालांत बांधून चौरंगावर मांडल्या. आणि गुरुपौर्णिमेच्या सकाळी पंगतीतल्या एका भटजीला आठवण झाली, की ही स्वयंपाकीण महिनोन्‌महिने कागदीपुऱ्यात बसून आली आहे. पानावरून सगळे उठले.

निवाडा कुणी करायचा? श्रीनिवासशास्त्र्यांनीच. ज्यांनी धाडलं तेच आता नाक मुरडून बसले.

"कार्य पवित्रच होतं," ते म्हणाले, "पण संसर्ग तो संसर्ग. गंगाजल हातात घेऊन सांगा, त्या घरचं पाणी शिवले नाही. मग पंचगव्य घ्या आणि चुलीला लागा. शिवला असाल, तर या वाड्यात जागा नाही."

सरदारांच्या पत्नी मुक्ताबाईसाहेब पडद्याआडून हळूच म्हणाल्या, "अहो मथुराबाई, नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा. खोलात कोण जातंय?"

शास्त्र्यांनीही मान डोलावली. त्यांना खरं नकोच होतं, नुसतं 'नाही' हवं होतं. बाईंच्या ओंजळीत गंगाजल पडलं. 'नाही' त्यांच्या ओठांवर आलेलंही होतं. पण समोर तो तुपकट, समाधानी चेहरा, चौरंगावर ती रेशमात गुंडाळलेली विद्या, आणि खोटं ऐकायला कान देऊन बसलेली ती सगळी सभा पाहून त्यांना किळस आली. इतकी किळस त्यांना कागदीपुऱ्याच्या कुजक्या चिंध्यांचीही कधी आली नव्हती.

"प्याले," त्या म्हणाल्या. "तापात होते. आपण कुणी आला नाहीत. त्यांनी पाजलं."

सभेत चुळबूळ झाली. शास्त्र्यांचा चेहरा उतरला, पण बाईंसाठी नव्हे. त्यांची नजर चौरंगाकडे गेली.

"आणि खळ?" ते घाईनं म्हणाले. "तापात होता म्हणता, तर खळीला कुणी हात नाही ना लावला?"

सरदारही पुढं सरकून बसले. आता एक शब्द पुरे होता. सगळ्या पोथ्या मुठेत बुडाल्या असत्या, शास्त्र्यांचं तोंड काळं झालं असतं, आणि त्या शब्दासाठी बाईंची जीभ वळवळली. पण चाबूक शास्त्र्यांच्या पाठीवर पडणार नव्हता.

"नाही," ओंजळीतल्या गंगाजलाकडे पाहत मथुराबाई म्हणाल्या. "मी तापातही उठत होते. खळ शेवटपर्यंत सोवळीच होती."

शास्त्र्यांनी सुटकेचा श्वास सोडला, वरचीच पोथी उचलून कपाळाला लावली आणि मग भक्तिभावानं तिच्या पानावर ओठ टेकले. बाईंना गड्यानं दिंडीदरवाजा दाखवला. आत आरती सुरू झाली तेव्हा त्या रस्त्यावर उभ्या होत्या. ओंजळ अजून मिटलेलीच होती. तिच्यातलं गंगाजल त्यांनी उकिरड्यावर झटकून टाकलं आणि दोन्ही हात पदराला घासून घासून पुसले.