खाडीच्या तोंडावरचं कुलूप

माझं माहेर शिरगावचं, वाडीवाल्यांचं. समुद्र घराच्या मागेच होता, पण आमचं सगळं लक्ष चिकूच्या झाडांकडे. लग्न होऊन पालघरला आले, बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसू लागले आणि हौसेपोटी मोबाइलची अ‍ॅप बनवायला शिकले. पहिलं बनवलं ते भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं. पडद्यावर निळं पाणी हळूहळू चढायचं आणि उतरायचं, एवढंच. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसायची.

मुरबे या जवळच्या मच्छीमार गावची एक काकी दर आठवड्याला सुके बोंबील घेऊन आमच्या दारात यायची. तिने ते निळं पाणी पाहिलं आणि विचारलं, "ह्यात दगड दिसतात काय?"

"कसले दगड, काकी?"

"पाण्याखालचे गं. जाळी फाडतात ते. आमचा तांडेल सगले ओलखतो."

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. तो तिचा नवरा. पुढच्या आठवड्यात काकी त्याला घेऊनच आली. आमच्या ओट्यावर तो तीन दुपारी बसला आणि डोळे मिटून बोलत राहिला. "उघड्या डोल्यांनी मला तुजं घर दिसतं," तो म्हणाला. "मिटले का समुद्र दिसतो." किनाऱ्याकडे तोंड केलं की शिरगावचा किल्ला कुठे येतो, कोणतं झाड कोणत्या घराआड गेलं की खाली खडक असतो, बुडालेलं जुनं गलबत कुठे आहे, खाडीच्या तोंडाशी वाळू कशी सरकते. त्याचा आवाज संथ होता. ऐकता ऐकता मला ओट्याखाली पाणी आल्यासारखं वाटायचं. नंतरच्या फेऱ्यांमध्ये तो माझं अ‍ॅप फोनवर घेऊन गेला आणि प्रत्येक जागेवर खूण करून आला.

अ‍ॅप तयार झालं. अंधारात, धुक्यात बोट कुठे आहे आणि खडक कुठे, ते दिसायचं. मुरब्यातल्या आणि आसपासच्या बऱ्याच बोटींनी ते विकत घेतलं. मला वाटलं, आपण काहीतरी केलं.

मग एकदा बंदरावर एका अनोळखी माणसाच्या फोनमध्ये माझं अ‍ॅप दिसलं. मी त्याला ते दिलं नव्हतं. "बोईसरला मोबाइलच्या दुकानात टाकून देतात," तो सहज म्हणाला. मी घरी आले ती फणफणतच. इतक्या महिन्यांचं काम, आणि कुणीही उचलून न्यावं? त्याच आठवड्यात मी अ‍ॅपला कुलूप घातलं. अ‍ॅप इंटरनेटवरून माझ्याकडे परवाना विचारणार. चार दिवस उत्तर मिळालं नाही, तर बंद पडणार. चार दिवस कुठून आले? घरी बसून मीच धरले. बोटी दोन-तीन दिवसांत परत येतात अशी माझी समजूत होती. कुणाला विचारलं नाही.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी काकीचा फोन आला. "बाय, आज सहावा दिवस. पहाटे येनार होता. धुकं पडलंय, बोट दिसत नाय. तुज्या फोनात दिसंल काय?"

माझ्या फोनात काहीच दिसणार नव्हतं. कुलूप चार दिवसांचं, आणि आज सहावा दिवस. कामावर न जाता मी तशीच मुरब्याला गेले.

तसं धुकं मी आजवर पाहिलेलं नाही. किनारा होता, पण समुद्र नव्हता. मासे वाळत घालायच्या बांबूच्या ओळी दहा पावलांवर विरून गेल्या होत्या. काकी वाळूवर उकिडवी बसली होती. मी शेजारी बसले. कुठूनतरी इंजिनाचा आवाज यायचा, जवळ आल्यासारखा वाटायचा, आणि पांढऱ्या कापसात मुरून जायचा. आम्ही किती वेळ बसलो, सांगता येत नाही. माझे केस ओले झाले. कुलपाबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं.

मग धुक्यातून एक बोट आली, खाडीपलीकडची. आणि तिच्या मागे, दोराने ओढलेली, सावकाश, आमच्या तांडेलाची.

तांडेल गुडघाभर पाण्यातून चालत आला. मला पाहून थांबला.

"पोरी, तुजं यंत्र पहाटे उघडलं, तर बंद. म्हनतं, परवाना तपासता आला नाय. समुद्रात रेंज कुटली? दिसत कायच नव्हतं, मंग नांगर टाकून बसलो."

"आणि ती पुढची बोट?"

तो हसला. "त्यांच्याकडं तुजंच यंत्र. दुकानातून टाकलेलं. त्यांचं चालू होतं. आमचा आवाज ऐकून दोर टाकला त्यांनी."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. "काका, ते कुलूप मीच घातलं होतं," मी म्हणाले. "चोरांसाठी."

"मला ठावं हाय," तो म्हणाला आणि जाळं उतरवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरला त्या दुकानात गेले. गिऱ्हाईक समजून दुकानदार म्हणाला, "मछलीवाला चाहिए? लॉक निकाल के देता हूँ. पाँच मिनट." मी बाहेर आले.

संध्याकाळी कुलूप काढून टाकलं. पण मग करायचं काय? काकीलाच विचारलं. ती बोंबील निवडत होती. "आमची जाली उघड्यावर पडतात, कुलूप नाय लावत कोन. पन बोयाला आपापली खून असते. दुसऱ्याची खून आपल्या बोटीवर आनायला लाज वाटते मानसाला."

बोया म्हणजे जाळ्याचे तरंगते गोळे. मी प्रत्येक अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, ते ज्या बोटीला दिलं त्या बोटीचं आणि तांडेलाचं नाव घातलं. विचारणं नाही, बंद पडणं नाही. पावसाळ्यानंतर खाडीची वाळू सरकते, तिची नवी वाट मात्र माझ्या यादीतल्या बोटींनाच पाठवायची असं ठरवलं.

महिन्याभरात पलीकडचा तो दोर टाकणारा तांडेल घरी आला, अवघडून उभा राहिला. नवं अ‍ॅप त्यानेही दुकानातूनच टाकून घेतलं होतं. "ताई, आमच्या फोनात दुसऱ्याच बोटीचं नाव येतं. खलाशी हसतात. आमचं नाव घाला." मी नाव घातलं, त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. तसे अजून चार-पाच जण आले. सगळे आले नाहीत. त्या दुकानात अजूनही अ‍ॅप मिळतं म्हणतात. मी चौकशी करत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर वाळूची नवी वाट मोजायला तांडेलाने मला बोटीत घेतलं. समुद्रात जायची माझी पहिलीच वेळ. खाडीचं तोंड ओलांडलं आणि पाण्याचा रंग बदलला. उत्तरेला तारापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या काड्यांएवढ्या दिसत होत्या. दक्षिणेला सुरूच्या झाडांची एक धूसर रेघ होती, मधेच एक काळा ठिपका.

"ते कुठलं गाव, काका?"

त्याने त्या काळ्या ठिपक्याकडे, किल्ल्याकडे, बोट दाखवलं. "शिरगाव," तो म्हणाला. "तुजंच."