विमानाला डबल बेल

आजोबांनी नोकरीची सगळी वर्षं बसमध्ये उभ्यानं काढली. कंडक्टर होते ते, आणि आवाज असा की 'पुढे सरका' म्हटलं की बसलेली माणसंसुद्धा सरकायची. नोकरी संपली, आवाज काही निवृत्त झाला नाही. घरात चहा मागितला तर शेजारी दचकत. गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं डबलबेल, आणि ते त्या नावाला खुशाल ओ देत.

आता गंमत बघा. अशा माणसाच्या पदरात देवानं नात टाकली ती आवाज अजिबात न सोसणारी. मिक्सर लावला की कानांवर हात, दाराची बेल वाजली की पलंगाखाली. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. आजोबांच्या थोरल्या भावांनी सांगितलं, ''काही नाही, लाडावून ठेवलीय.'' आजोबा तिला 'सरकार' म्हणत, कारण तिनं एकदा काढलेला हुकूम फिरत नसे. दूध निळ्याच कपात. आधी डावी चप्पल, मग उजवी. आणि आजोबांनी बोलायचं ते कुजबुजत. बायको जन्मभर जे सांगून थकली, ते या टीचभर पोरीनं न बोलता करून घेतलं.

सरकारांची आई, म्हणजे आजोबांची एकुलती एक लेक, नर्स होती. जावई बोटीवर, वर्षाचे बहुतेक महिने पाण्यावर. लेकीला समुद्रापलीकडच्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली आणि तिथंच जवळ अशा मुलांना समजून घेणारी शाळाही निघाली. ती पुढे गेली, घर लावलं. पण नव्या नोकरीत रजा मिळेना, तेव्हा नातीला घेऊन येणं आजोबांच्या गळ्यात पडलं. तोवर मायलेकींची गाठ नाही. फोनवर आई दिसली की पोर फोन पालथा घालून निघून जायची.

''बाबा, ती विमानात बसली नाही तर मी नोकरी सोडून परत येते,'' लेक एके दिवशी म्हणाली. ''तिच्याशिवाय मला इथं नाही राहवत.''

''बसेल. तू ड्युटीवर जा,'' आजोबा म्हणाले आणि फोन ठेवून घाम पुसत बसले. ते स्वतः जन्मात विमानात बसले नव्हते.

थोरल्या भावांनी तेवढ्यात भाकीत करून टाकलं, ''दारातूनच परत पाठवतील, बघ.'' झालं! आजोबा इरेला पेटले. घरातल्या चार खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत लागल्या. दोरीला पितळी घंटा टांगली. गणवेशाचा जुना पट्टा खुर्चीला बांधला. रोज संध्याकाळी विमान सुटू लागलं. आजोबा उभे राहून दोन्ही ओळी तपासायचे, दोरी ओढून घंटेचं हळूच 'टण टण' करायचे, मग सरकार बसायचे, पट्टा लागायचा. पोर इतकी रमली की आजोबांना स्वतःचाच अभिमान वाटू लागला.

आणि खरोखरच त्या दिवशी विमानतळ तिनं पार केला. रांगा, तपासणी, अनोळखी माणसं, सगळं. आजोबांचा हात घट्ट धरून, मान खाली घालून ती विमानात शिरली, आपल्या खुर्चीपाशी आली आणि उभी राहिली ती राहिलीच.

''बेल,'' ती म्हणाली.

 घंटा घरी दोरीला लटकत होती. त्यांनी तोंडानं 'टण टण' करून पाहिलं. सरकारांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तोंड म्हणजे बेल नव्हे. मग ती किंचाळायला लागली, खुर्चीच्या पाठीवर डोकं आपटायला लागली, आणि सगळं विमान माना वळवून बघू लागलं.

मुख्य हवाई सुंदरी आली. वयानं बरी मोठी, चेहरा शिस्तीचा. ''आजोबा, दार बंद झालंय. ती बसली नाही, तर तुम्हाला उतरावं लागेल. माझाही नाइलाज आहे.''

मागून एक गृहस्थ पुटपुटले, ''पोरं सांभाळता येत नाहीत, तर आणतात कशाला!''

आजोबांच्या नरड्यापर्यंत आला तो जुना आवाज. एका वाक्यात त्या माणसाला जागच्या जागी बसवला असता त्यांनी. पण तो आवाज आधी पोरीच्या कानात घुसला असता, म्हणून त्यांनी तो गिळला. त्याच वेळी पलीकडच्या बाईंनी पाण्यासाठी खुर्चीच्या हातावरचं बटण दाबलं. टिंग.

''ते काय वाजलं?'' आजोबांनी विचारलं.

''आम्हाला बोलवायची बेल.''

''म्हणजे गाडीत बेल आहे म्हणा की!'' आजोबा कुजबुजत बोलू लागले. ''बाई, मी कंडक्टर होतो. डबल बेल झाल्याशिवाय गाडी सुटत नाही, तोवर बसायचं नाही, हे हिला मीच शिकवलंय. चूक माझी. ही बिचारी नियमानं वागतेय, नियम मोडतोय तो आपण.''

 बाईंची सगळी नोकरी नियमांतच गेली होती. मग त्या पोरीपुढे गुडघ्यांवर बसल्या आणि आजोबांसारखंच कुजबुजल्या, ''आज या गाडीची कंडक्टर मी. माझे प्रवासी बसले, पट्टे लागले की मी हात वर करीन. मग हे बटण दाबून बेल तू द्यायची.''

''ऐकलंस ना? एका गाडीला एकच कंडक्टर,'' आजोबा म्हणाले. ''मी आज पॅसेंजर.'' आणि मुकाट्यानं बसून त्यांनी आपला पट्टा लावला.

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं.  मग ती बसली. स्वतःच्या हातानं पट्टा लावला.

बाई पुढे गेल्या, पायलटशी बोलायचा फोन कानाला लावला, थोडं थांबल्या आणि हात वर केला. टिंग. टिंग. आणि विमान हललं! एवढं थोरलं धूड, आत खचाखच माणसं, आणि आमच्या सरकारांच्या बोटावर निघालं. आजोबांची छाती अशी फुगली की पट्टा सैल करावा लागला. मागचे गृहस्थ म्हणाले, ''शाब्बास, पोरी,'' आणि आजोबांनी मोठ्या मनानं त्यांना माफ करून टाकलं.

प्रवास काही लोण्यासारखा झाला नाही. दोनदा रडारड झाली, पाणी आजोबांच्या विजारीवर सांडलं, उतरताना कान दुखले. पण पट्टा तिनं सुटू दिला नाही.

बाहेर लेक कठड्याला धरून उभी होती. पोर आईसमोर जाऊन थांबली, वर पाहिलं नाही; तिच्या बाहीचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि सगळं अंग तिच्यावर टाकून दिलं. लेक एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांना फोन लावत होती.

''सिस्टर, सकाळी तुम्ही उद्याचं विचारलंत, तेव्हा मी 'पोर पोचली तरच' म्हटलं होतं ना?'' तिला नीट बोलताही येत नव्हतं. ''हो, लावा माझी ड्युटी. उद्या मी येतेय.''