काळ्या चौकटीचे शिगवणकाका

शिगवणकाकांच्या दुकानात कुणीही फोटो घेऊन गेलं, की ते नाव विचारत नसत, माप विचारत नसत, किती प्रती हव्यात तेही नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, तुमच्या मोबाइलमधल्या चेहऱ्याकडे बघायचं आणि पहिला प्रश्न एकच, "आहे, का गेला?" उत्तर मिळाल्याशिवाय माउसला हात लागायचा नाही. एकदा एक बाई नवऱ्याच्या पन्नाशीचा बॅनर करायला आली होती. हा प्रश्न ऐकून ती अशी भडकली की काउंटरवरची कात्री तिने जमिनीवर आपटली. काका शांतपणे म्हणाले, "रागवा बाई, पण एकदा आहेत म्हणा." ती "आहेत!" म्हणून ओरडली, तेव्हा कुठे त्यांनी फोटो उघडला.

विरारच्या मनवेलपाड्यात चाळींच्या रांगेच्या टोकाला त्यांचा गाळा होता. पुढे कॉम्प्युटर, मागे फ्लेक्सचं मशीन, आणि सगळीकडे शाईचा डोकं धरणारा वास. काका मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी मुंबईच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, छापखाना बंद पडल्यावर इथे दुकान टाकलं. लग्नपत्रिका मोबाइलवर गेल्यापासून त्यांचा धंदा दोनच गोष्टींवर चालायचा, वाढदिवस आणि श्रद्धांजली. आमच्या भागात प्रत्येक नाक्यावर हे दोन बॅनर शेजारी शेजारी असतात, आणि फोटो बहुतेकदा एकच असतो. गॉगल लावून, हात जोडून वाढदिवसाला उभा राहिलेला माणूस वर्षभराने रंग उतरवून, हार घालून तिथेच परत येतो.

त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन फोल्डर होते, 'आहेत' आणि 'गेले'. कटिंग केलेले चेहरे त्यात ठेवलेले. कुणाचा मृत्यू झाला की काका खुर्चीतून उठत, चपला काढत आणि उभ्यानेच तो चेहरा एका फोल्डरमधून दुसऱ्यात सरकवत. सरकवताना हळू आवाजात म्हणत, "या, इकडे या." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दिवसा अकरा वाजता, बाहेर पाववाला ओरडत असताना.

मी तेव्हा मीडियाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला फार मोठी डिझायनर समजत होते. परीक्षेसाठी आम्हाला एक मासिक काढायचं होतं. आमच्या गटाने रॉक संगीताचं काढायचं ठरवलं. नाव 'गोंगाट', आणि पानं लावायला शिगवणकाकांचं दुकान. मुखपृष्ठावर कोण, हा प्रश्नच नव्हता. वर्गातल्या हर्षलचा 'खाजण' नावाचा बँड होता. चांदीप गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, आई वांगी-भेंडी लावून विरारला आणून विकायची. हा मात्र गिटार घेऊन असा किंचाळायचा की कॉलेजच्या शिपायाने दोनदा वायर काढली होती. मासिकासोबत एक अहवाल द्यायचा होता, कुठला रंग का घेतला, कुठलं अक्षर का निवडलं. मी लिहिलं होतं, "काळा रंग म्हणजे बंडखोरी." काकांनी तो कागद वाचला आणि मान डोलावत म्हणाले, "गो बाय, माझ्या दुकानात मग रोज दोन-तीन बंडखोर येतात."

पण शिकवलं त्यांनीच. काळ्या पानावर मी बारीक पांढरी अक्षरं ठेवली होती, तर म्हणाले, "काळ्यावर पांढरं अक्षर गुदमरतं. शाई चारी बाजूंनी त्याला दाबते. जरा जाड कर, श्वास घेऊ दे." गाण्याचे शब्द मी तिरके टाकले होते, ते त्यांना आवडले. "हां, हे बरंय. पोरगं उभं राहत नाय, तर अक्षर कशाला उभं राहील?" मुलाखतीतला हर्षलचा फोटो त्यांनी थोडा बाजूला बघणारा निवडला. जिवंत माणसाने थोडं बाजूला बघावं, मागे काहीतरी असावं, झाड, भिंत, काहीही, असा त्यांचा नियम. समोर रोखून बघणारा, मागे काही नसलेला चेहरा त्यांच्या लेखी दुसऱ्या फोल्डरातला. "असे नियम कुठल्या पुस्तकात असतात हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "पुस्तकं मी छापलीत गो. कागद ऐकतो, एवढं कळलंय."

मुखपृष्ठावर मात्र आमची जुंपली. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं. हर्षलचा चेहरा अगदी जवळून, रंग पूर्ण उतरवलेला, डोळे वाचकाच्या डोळ्यांत. भोवती जाड काळी चौकट. खाली त्याचं नाव आणि त्याच्याच गाण्यातली ओळ, 'मी इथेच आहे'. मी स्क्रीनवर ते दाखवलं तर काकांनी खुर्चीच मागे सरकवली.

"ही चौकट मी जिवंत माणसाला देत नाय."

"काका, हे रॉक आहे. जगभर असंच करतात."

"जगभर करू देत. जगभर चांदीपचा नाका नाय."

"तुम्ही ना, अंधश्रद्धाळू आहात."

"असेन. तू शिकलेली आहेस, तू कर. मी आतली पानं लावून देतो. हे माझ्या मशीनवर नाय."

मग काय, मीही इरेला पेटले. मुखपृष्ठ दुसरीकडे छापून आणलं. त्यावर कळस म्हणजे, प्रकाशनाच्या कार्यक्रमासाठी त्याचाच सहा फुटी फ्लेक्स केला, तोही स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानात. हर्षलच म्हणाला, "गावच्या नाक्यावर लावू या. तिथे फक्त नेते आणि मेलेले लागतात. एकदा मी लागतो." आम्ही खो खो हसलो. शनिवारी सकाळी सातला आम्ही दोघांनी तो चांदीपच्या नाक्यावर विजेच्या खांबाला बांधला आणि बाइकवरून कॉलेजला आलो. कार्यक्रम दुपारी तीनला होता. साउंडचेकमध्ये आवाज येतो म्हणून सगळ्यांनी फोन बंद करून ठेवले होते.

दीडच्या सुमाराला हॉलच्या दारात शिगवणकाका उभे दिसले. दुकान सोडून कधी न हलणारा माणूस, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी हात केला, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते स्टेजवरच्या हर्षलकडे बघत होते. तो एक पूर्ण गाणं गायला, वायरमध्ये अडखळला, पाणी प्यायला, आणि ते डोळे न हलवता बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी अगदी हळू विचारलं, "हा आहे ना गो?"

मी म्हटलं, "काका, काय हे?"

"तू आहे म्हण आधी."

"आहे! तो बघा की समोर."

तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले. दुकानात त्यांना चांदीपहून एका मंडळाच्या पोराचा फोन आला होता. हर्षलचा श्रद्धांजलीचा बॅनर करायचाय, कुणीतरी आधीच नाक्यावर लावलाय, आपल्या मंडळाचाही आज लागला पाहिजे. काकांनी त्यालाही नेहमीचा प्रश्न विचारला होता. तो म्हणाला होता, "गेला काका. सकाळी हायवेला बाइक घसरली म्हणतात." बाइक घसरली होती खरी, पण दुसऱ्याच कुणाची. हर्षलचा फोन बंद लागला, नाक्यावर काळी चौकट दिसली, आणि गावाने दोनात दोन मिळवले.

कार्यक्रम तसाच टाकून रिक्षात आम्ही तिघं. हर्षल सारखा आईला फोन लावत होता, कुणी उचलत नव्हतं. शेतांमधून जाणारा तो रस्ता एरवी मला आवडायचा. त्या दिवशी एकही माणूस शेतात नव्हता. नाक्याला आलो तर फ्लेक्सवर झेंडूचा हार घातलेला, खाली मातीत उदबत्त्या खोचलेल्या, आणि चौकटीतून हर्षल रोखून बघतोय. त्याच्या नावाखाली माझ्या हाताने निवडलेल्या जाड अक्षरांत, 'मी इथेच आहे'. शेजारी बसलेल्या हर्षलने मान फिरवली. मला त्या दोघांतला नेमका कुठला खरा, हे क्षणभर कळेना. खोटं नाही सांगत.

अंगणात बायका बसल्या होत्या. एका कडेला कुणीतरी दोन हिरवे बांबूही आणून ठेवले होते. हर्षल पुढे गेला तसं रडणं एकदम थांबलं. कुणी जवळ आलं नाही, उलट सगळ्या मागे सरकल्या. त्याची आई ओसरीवर भिंतीला टेकून होती. बाजारातून रिक्षाने येताना तिने नाक्यावर लेकाला तसं बघितलं आणि तिथेच रस्त्यावर बसली होती. दोन बायकांनी तिला उचलून घरी आणलं होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघेना. खालीच बघत राहिली.

"बूट काढ," ती म्हणाली. "पाय बगू दे आधी."

हर्षलने बूट काढले, मोजे काढले. दोन्ही पाय तिने हातात घेऊन उलटसुलट बघितले, टाचा कुठे, बोटं कुठे. सगळं सरळ होतं. मग तिने त्याच्या फाडकन मुस्काटात मारली आणि गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की मागे सरकलेल्या बायका पुन्हा पुढे आल्या. एक म्हातारी मीठ-मोहरी घेऊन आली. कुणीतरी म्हणालं, "खोटी बातमी उठली म्हंजे आयुष्य वाढतं." सगळ्यांनी ते वाक्य हाताशी धरलं. आईने मात्र माझ्याकडे बघून विचारलं, "कोनी बनवला तो?" मी म्हटलं, "मी." तिने हर्षलचे बूट उचलून आत नेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी फ्लेक्स फाडायला निघाले तर काकांनी मनगट धरलं. "हार पडलाय त्याला. हार पडलेली चौकट रिकामी करायची नसते." मला रिक्षात घालून पाठवलं आणि स्वतः दुकानात गेले. संध्याकाळी पाचच्या आत ते परत चांदीपला आले, हातात गुंडाळलेला नवा फ्लेक्स. तीच चौकट, तेवढीच जाड, तशीच रोखलेली नजर. पण आत शिगवणकाका. कपाळावर चष्मा नाही, केस नीट विंचरलेले, रंग उतरवलेला. खाली नाव नाही, काही नाही. तो त्यांनी हर्षलच्या चेहऱ्यावर ताणून बांधला, झेंडूचा हार सारखा केला, आणि मग आतून हर्षलचा फ्लेक्स ओढून काढून त्याची गुंडाळी केली. काकांचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे होता.

सोमवारी हे कळल्यावर मी दुकानात जाऊन त्यांच्याशी भांडले. रडत भांडले. "हे काय खूळ काका? चूक माझी, मध्ये तुम्ही कशाला?"

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "गो बाय, कागदाने ऐकलं एकदा. त्याला आता खोटा पाडता येत नाय. पत्ता तेवढा बदलता येतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय नाय. म्हातारा झालो मी, मला हार शोभतो. तुझ्या अहवालात लिही, चौकट का नको ते. मार्क मिळतील." आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "आहे, का गेला?"

मार्क चांगले मिळाले. 'गोंगाट'चं मुखपृष्ठ आम्ही बदललं. काकांनीच लावलेला तो बाजूला बघणारा हर्षल घेतला, मागे भाताचं शेत. मास्तर म्हणाले, रॉकच्या मानाने फारच शांत आहे. मी वाद घातला नाही.

चार महिन्यांनी शिगवणकाका गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि तो येण्याआधी गेले. डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. मी नायगावला नोकरीला लागले होते, तिथून धावत गेले. तेराव्याला काकूंच्या खोलीत बसले होते तेव्हा हर्षलची आई आली. चांदीपहून एकटीच, डोक्यावर पदर, हातात तांदळाची पिशवी. हर्षलला तिने येऊ दिलं नव्हतं. ती काकूंच्या पुढ्यात बसली आणि पिशवी पुढे सरकवून म्हणाली, "बाय, तुमचा मानूस माझ्या पोराच्या जागी गेला. मी कसा फेडू?"

काकू एरवी मऊ बाई. त्या दिवशी फटकन म्हणाल्या, "काहीतरी खुळ्यासारखं बोलू नका. ताप आला आणि गेले. रोज माणसं तापाने जातात. पोराला सुखाने जेवूखाऊ घाला." तांदूळ मात्र त्यांनी ठेवून घेतले. हर्षलची आई बराच वेळ रडली, मग डोळे पुसून हलकी होऊन गेली. तिला जिना उतरताना बघून मलाही छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. काका माझ्यामुळे गेले का, हा प्रश्न तेरा दिवस मला झोपू देत नव्हता, त्याचं उत्तर काकूंनी देऊन टाकलं होतं.

मी म्हटलं, "बरं झालं काकू, तुम्ही तिला सांगितलंत. मलाही सारखं तेच वाटत होतं."

काकू कप विसळत होत्या. माझ्याकडे पाठ होती. म्हणाल्या, "तिला सांगितलं. ती आई आहे, पोराकडे बघताना तिला दर वेळी हे दिसायला नकोत." मग वळून त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला, चहा ओतला. "तुला नाही तसं सांगणार."

मी चहा प्यायले. त्यांनी अजून हवा का विचारलं, मी नको म्हटलं.