आईने आवरलेलं लग्नाचं शूटिंग

धाकट्या बहिणीच्या लग्नाची फिल्म मी बाबांसाठी बनवत होते. बाबा जहाजावर फिटर. लग्नाच्या वेळी त्यांचं जहाज भर समुद्रात होतं, सुट्टी मिळाली नाही. आता ते येणार होते, दुपारच्या बोटीने मांडव्याला उतरून संध्याकाळपर्यंत रेवदंड्याला, आणि आल्या आल्या त्यांना लेकीची हळद दाखवायची असं आम्ही तिघींनी ठरवलं होतं. बहीणही सासरहून त्यासाठीच आली होती.

सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि सगळी फिल्म लालभडक. गाणी वाजतायत, चित्र एकही नाही. व्हिडिओ एडिट करायचं हे सॉफ्टवेअर व्हिडिओ स्वतःच्या पोटात ठेवत नाही. कुठली क्लिप कुठे ठेवली आहे तेवढं लक्षात ठेवतं. जागा किंवा नाव बदललं की ते हात वर करतं.

"आई, तू याला हात लावलास का?"

"लावला म्हंजे काय, निवडून ठेवलंय. नुसता पसारा हुता. एकाला नाव न्हाय, सगले आकडे."

आईचा सुक्या मासळीचा धंदा. तिच्यापुढे ढीग दिसला की ती निवडायला बसते, आणि बचतगटाच्या कामामुळे कॉम्प्युटर तिला पुरेसा येतो. तिने बारके, मधले, मोठे असे तीन फोल्डर केले होते आणि क्लिपांची बारशी उरकली होती. 'मामा पाव खातो.' 'काकी उगाच रडते.' 'हा कोण.' 'हा पण कोण.'

मी ओरडणार होते, पण 'काकी उगाच रडते' वाचून बहीण खुर्चीवरून घसरली आणि माझाही राग हसण्यात वाहून गेला. वेळ तर कमी होता. सॉफ्टवेअर एकेक क्लिप मागायचं, मी विचारायचे, "करवलीचा नाच?" आई ओट्यापाशी बोंबील तळता तळता सांगायची, "मधल्यात बघ." घाईत मी चुकीची क्लिप जोडली आणि नवरी मांडवात येते त्या हळव्या सुरांवर मामा पाव खाऊ लागला. आम्हाला हसून हसून बोलता येईना. आई म्हणाली, "र्‍हाऊ दे, गोड दिसतोय." बोंबील करपले, तरी कोणी उठलं नाही.

सगळं जागच्या जागी बसल्यावर मी सॉफ्टवेअरला सांगितलं, फिल्ममध्ये वापरलेल्या क्लिपा तेवढ्या एका नव्या डिस्कवर गोळा कर. उरलेलं पुसून टाकायचं होतं, जुनी डिस्क तुडुंब भरली होती. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

बाबांनी फिल्म पाहिली. मान डोलावली, छान झालीय म्हणाले. मग विचारलं, "एवढंच? लगीन तर दोन दिस चाललं ना?"

"उरलेलं टाकाऊ आहे, बाबा."

"टाकाऊ तर टाकाऊ. मी त्यातलं काहीच बघितलं न्हाय."

मी जुनी डिस्क लावली. कॅमेरा चालू राहून ओटीवर पडला होता, ती क्लिप लागली. नुसते पाय. मला लाज वाटली, मी पुढे ढकलायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. हे तुझ्या आईचे, ही काकी, हा मामा लंगडतोय का, असं ते हौसेने ओळखत गेले. आई खूश होऊन दाद देत होती. मग हळदीने पिवळे झालेले दोन पाय आतून आले आणि उंबर्‍याशी थांबले. मागून कोणीतरी चल चल म्हणत होतं. पाय हलेनात.

"का थांबलीस गं?" बाबांनी बहिणीला विचारलं.

ती अजून हसतच होती. म्हणाली, "वाटलं, तुम्ही येताय का बघावं."

मला रडू आवरेना. बाबा म्हणाले, "ही पन त्याच्यात घाल."

जेवणं होण्याआधीच मी ती क्लिप फिल्ममध्ये घातली, कुठेही न कापता.