कोंढ्याच्या पोरींचा तंबू

हेमराज सेलोकर शाळेत मास्तर नाही, शिपाईही नाही. तरी शनिवारी सकाळी कोंढ्याच्या शाळेचं मैदान त्याचं असतं. नहरावर मजूर म्हणून त्याची हयात गेली. गाळ काढायचा, फुटलेली पाळ बांधायची, पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं. नोकरी संपली, गुडघे कुरकुरायला लागले, पण स्काउट काही सुटला नाही.

लहानपणी तो स्वतः स्काउट होता. पुढे पथक चालवणाऱ्या गुरुजींची बदली झाली. नव्या माणसाला साधी खुंटा गाठ येईना. तेव्हा हेमराज नहरावरून सायकल काढून चिखलाच्या पायांनी थेट मैदानात आला, तो आजवर येतोच आहे. पगार नाही, मानधन नाही. एका कार्यक्रमात शाल मिळाली होती, ती बायकोने, देवकाबाईने, दुसऱ्याच दिवशी धानाच्या राखणीला पांघरायला काढली.

पोरं त्याला काकाजी म्हणतात. आधीचा स्काउट बरा की आताचा, असं कुणी विचारलं की तो लगेच उत्तर देत नाही. आधी बिडी नसलेला खिसा चाचपतो, कारण बिडी त्याने पथकासाठीच सोडली, आणि मग म्हणतो, "आधी पोट्टे घाम जास्त गाळत होते, आता फोटो जास्त काढतेत. पण आधी त्याईच्या पायात चप्पल नव्हती, हेबी सांगा ना."

बदलाचं त्याला वावडं नाही. गणवेशाचा रंग बदलला, त्याने हूं की चूं केलं नाही. कपड्याचा रंग पाहून कुणी दंड-बैठका कमी मारत नाही. पूर्वी खरचटलं की हळद दाबायची, आता औषधाची पेटी असते. ती बरी, असं तो मोकळेपणाने सांगतो. त्याचं भांडण असतं ते फक्त न केलेल्या कामाशी. 'खरी कमाई'चा आठवडा असतो, त्यात पोरांनी अंगमेहनत करून चार पैसे आणायचे. पूर्वी कुणी दुकान झाडायचं, कुणी धानाचे भारे उचलायचे. अलीकडे एका पोराने कोरी करकरीत नोट आणून दिली. हेमराजने ती उलटून पाहिली आणि परत केली.

"हे तुया बापाची कमाई हाय. तुयी कुठं हाय?"

पोरगा रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या म्हशी धुऊन थोडी चिल्लर घेऊन आला, अंगाला शेणाचा वास. ती चिल्लर हेमराजने दोन्ही हातांनी घेतली.

एक बदल मात्र त्याला मनापासून हवा होता आणि तो काही केल्या होत नव्हता. शाळेत मुलींचं गाइडचं पथक होतं. पण शिबिर असलं की कोंढ्याच्या मुली दिवसभर जायच्या आणि दिवेलागणीला घरी परत यायच्या. तंबू लावायच्या, पण त्यात झोपायच्या नाहीत. शेकोटीसाठी लाकडं रचायच्या, पण ती पेटायच्या आधी त्यांची गाडी निघायची.

मग तेजस्विनी मॅडम शाळेत रुजू झाल्या. वयाने त्याच्या पोरीएवढ्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "काकाजी, यंदा आसगावच्या शिबिरात आपल्या मुली दोन्ही रात्री राहतील."

"गावाले कोण सांगन?"

"तुम्ही आणि मी."

दोघं घरोघरी फिरले. खरा दरवाजा एकच होता, रत्नाबाईचा. रत्नाबाई धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची मुकादम. ती हो म्हणाली की अर्धी आळी हो म्हणते, आणि ती नाही म्हणाली की विषय संपतो. तिची पोरगी तृप्ती मुलींच्या पथकाची नायिका होती.

"राती तिथं कोण राहते?" रत्नाबाईने सूप खाली न ठेवताच विचारलं.

"मॅडम हाय, मी हाय. शाळेचं आवार हाय, भोवताल भिंत हाय."

"अन् थंडी? दव?"

"तंबू हाय ना. खाली धानाचं तणस टाकू, वरून दरी अंथरू."

रत्नाबाईने धान पाखडता पाखडता विचार केला. "हेमराजभाऊ, तुमच्या भरोश्यावर पाठवून राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मी येईन. पोरगी कुडकुडताना दिसली तं बोचकं उचलीन आन् घरी आणीन. मंग बाकीच्या पोरीईच्या मायांले काय सांगाचं, ते तुमी पाहा."

त्याचा अर्थ दोघांनाही कळत होता. तृप्ती परत आली की सगळ्या परत येणार, आणि मग पुढची कितीतरी वर्षं कोंढ्याची पोरगी तंबूत झोपणार नाही.

धान कापून त्याच्या भाऱ्यांच्या पुंजण्या रचून झाल्या होत्या. शेतातल्या बांध्या रिकाम्या, सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन. आसगावच्या मैदानावर तंबू उभे राहिले. मुलांना जुने, जाड कापडाचे, सुती दोरीचे. मुलींना यंदाच आलेले दोन नवे, हलके, चकचकीत दोरीचे. हेमराज प्रत्येक खुंटी पायाने हलवून पाहत होता. एक खुंटी सरळ ठोकलेली दिसली.

"उपट. तिरपी ठोक."

"काकाजी, बसली ना ते चांगली," तृप्ती म्हणाली.

"बसली, पण झोपली नाई. उपट."

तृप्तीने उपटली, तिरपी ठोकली, आणि हातोडी जरा जोरातच खाली ठेवली. हेमराजला राग आला नाही. आपल्या कामात खोट काढल्याचा जिला राग येतो तिचं काम चांगलं होतं, असं त्याचं मत आहे.

आता थंडीतल्या शिबिराची एक जुनी रीत आहे. दिवस बुडाला की तंबूच्या दोऱ्या चार बोटं सैल करायच्या. दव पडलं की सुती दोरी आखडते, ताण येतो, आणि मग एकतर खुंटी उपटते नाहीतर कापड फाटतं. ही रीत हेमराजने इतक्या वर्षांत कधी चुकवली नव्हती.

शेकोटी पेटली. गाणी सुरू झाली. हेमराजने आकाशाकडे पाहिलं आणि शिट्टी मारून मुलांना उठवलं. मुलं कुरकुरत गेली, आपापल्या दोऱ्या सैल करून हात चोळत परत आली. मग त्याने मुलींकडे पाहिलं. कोंढ्याच्या मुली शेकोटीभोवती पहिल्यांदाच बसलेल्या. गुडघ्यांना मिठी मारून गात होत्या, तोंडावर उजेड. शिट्टी ओठाशी नेलेली त्याने परत खिशात टाकली. बसू दे बापड्यांना, असं मनाशी म्हणत तो एकटाच त्यांच्या तंबूंकडे गेला. वाकून, गुडघा धरून, एकेक दोरी त्याने चार बोटं सोडली. परत येऊन शेवटचं गाणं ऐकलं आणि समाधानाने झोपला.

पहाटे उठला तेव्हा धुकं इतकं की झेंड्याची काठी दिसेना. मुलांचे तंबू नगाऱ्यासारखे ताठ उभे होते. मुलींचा एक तंबू बसकण मारलेल्या म्हशीसारखा भुईला लागला होता. दुसरा कमरेत वाकला होता. मुली डोक्याला रुमाल बांधून बाहेर धावपळ करत होत्या, आणि तेजस्विनी मॅडम बॅटरी घेऊन मध्ये उभ्या होत्या.

तेवढ्यात दूधवाल्याच्या गाडीवरून रत्नाबाई उतरली. काखेत डबा. तिने तंबू पाहिला, केस ओले झालेली तृप्ती पाहिली, आणि गवतावर ठेवलेलं तिचं बोचकं उचललं.

"चाल घरी."

"आई, थांब ना व..."

"रत्नाताई, चूक माझी आहे," मॅडम घाईने म्हणाल्या. "मुलींनी दोऱ्या सैल बांधल्या असतील, मी झोपायच्या आधी पाहायला हवं होतं."

"सैल नाई बांधल्या, मॅडम," तृप्ती म्हणाली. आवाज फाटला होता. "तट्ट बांधल्या होत्या."

"तट्ट बांधल्या असत्या तं तंबू जमिनीवर काहून लोटांगण घालून राहिला?" रत्नाबाईने विचारलं.

हेमराज खुंटीजवळ खाली बसला. दोरी बोटांत धरली. ओली, गुळगुळीत, आणि हात लावला तशी लांबणारी. तो उठून रत्नाबाईकडे वळला.

"रत्नाबाई, पोरीईनं तट्टच बांधल्या होत्या. काल सांजेले म्या सोडल्या."

सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

"काहून?" रत्नाबाईने विचारलं.

"दव पडते म्हणून. जुनी रीत हाय."

तृप्तीने डोळे मोठे केले. "काकाजी! हे नायलॉनची दोरी हाय. ओली झाली की हे लांबते. मॅडमनं सांगतलं होतं, म्हणून तं आमी जास्तीची ताणली होती. आमाले एक डाव विचारलं असतं तं..."

"विचारलं नाई," हेमराज म्हणाला.

मॅडमनी हातातली बॅटरी बंद केली. मग म्हणाल्या, "मुलांना तुम्ही शिट्टी मारून उठवलं. आम्हाला का नाही?"

"थंडी होती. पोरी पहिल्यांदाच बसल्या होत्या शेकोटीजवळ."

"म्हणजे आमचं काम तुम्ही केलंत. कुठल्या मुलाचं काम केलंय तुम्ही आजपर्यंत?"

हेमराजने खरोखर आठवून पाहिलं. तापाने फणफणलेल्या पोराकडूनही त्याने भांडी घासून घेतली होती, फक्त गरम पाण्याने. "नाई केलं," तो म्हणाला.

रत्नाबाईच्या हातात बोचकं अजून तसंच होतं. तिने तृप्तीला विचारलं, "तंबू पडला तवा तू काय केलं?"

"आधी लहान पोरीईले बाहेर काढलं. मंग तणसावर दरी टाकली, ओलं होऊ नये म्हणून. मंग मॅडमले हाक मारली."

"कोणी रडलं?"

"रुपा रडली. जराशी."

"मी नाई रडली व काकू!" धुक्यातून रुपाचा आवाज आला. "माया डोळ्यात तणस गेलं!"

रत्नाबाईच्या ओठाचा कोपरा हलला. ती हेमराजकडे वळली. "हेमराजभाऊ, रोवणीत एखाद्या बाईची पात मागं पडली तं मी तिची पात रोवून देत नाई. तिले हाक मारते. रोवून देली तं ते उद्याबी मागंच राहते. अन् तुमी एवढे पुराने माणूस!"

"चुकलं," हेमराज म्हणाला.

"तं मंग लावू द्या आता. माया समोर. मॅडम, तुमीबी हात नाई लावाचा. अन् तुमी तं अजिबातच नाई, भाऊ. हात पाठीमागं घ्या."

हेमराजने हात पाठीमागे घेतले. उभ्या जन्मात त्याने फुटकी पाळ बांधताना कमरेएवढ्या पाण्यात रात्र काढली होती, पण आपले हात त्याला इतके जड कधी वाटले नव्हते. मुलींनी खांब उभा केला. तो एकदा कलला, हेमराजचा खांदा आपोआप पुढे झाला, आणि रत्नाबाईने नुसतं "हं!" केलं. तो मागे सरकला. तृप्तीने दोघींना उलट्या बाजूला पाठवलं, दोऱ्या ओढल्या, गाठी सरकवल्या. पहिला तंबू उभा राहिला, मग दुसरा.

रत्नाबाई आत शिरली. तणसात हात खुपसून पाहिला, कोरडं होतं. बाहेर येऊन खांबाला खांद्याने धक्का दिला. तंबू थरथरला आणि जागेवर राहिला. दुसरा धक्का दिला, तो मात्र कामाचा नव्हता, उगाच होता. मग तिने बोचकं तंबूच्या दारात ठेवलं आणि डबा उघडला. कोथिंबिरीची सांबारवडी होती, अजून कोमट. मुली तुटून पडल्या. हेमराजला शेवटची, मोडकी वडी मिळाली.

"तुमी काल जास्तीचं काम केलं, म्हणून आज कमी," रत्नाबाई म्हणाली.

ती निघाली तेव्हा फाटकापर्यंत हेमराज सोबत गेला. ती पुढे, तो मागे. फाटकाशी तिने पदर सावरला.

"धाकटी पोरगी हाय माई. तिचं नाव कवा घेता पथकात?"

"दहाची होऊ द्या."

"पुढच्या साली होते," रत्नाबाई म्हणाली, आणि तृप्तीला हाकही न मारता निघून गेली.

हेमराज परतला तेव्हा प्रार्थना आटोपली होती. कोंढ्याच्या मुली धापा टाकत रांगेत सर्वांत शेवटी आल्या होत्या. उशीर करणाऱ्या संघाने मैदान झाडायचं, हा शिबिराचा नियम. मुलं मुलींकडे पाहून गालात हसत होती, काकाजी यांना सोडतील म्हणून.

"खराटे घ्या," हेमराजने सांगितलं.

"काकाजी!" रुपा ओरडली. "तुमच्याचपायी तं उशीर झाला ना आमाले!"

"खरं हाय," तो म्हणाला. "आणा एक खराटा इकडं."

मुलांचं हसू थांबलं. तृप्तीने पायाने मैदानावर रेघ ओढली. अलीकडचं मुलींचं, पलीकडचं काकाजींचं. पलीकडे चिंचेचं झाड होतं आणि सगळा पाचोळा तिथेच होता. रेघ कुठून गेली हे हेमराजच्या लक्षात आलं. त्याने खराटा हातात घेतला. धुकं विरत चाललं होतं, पाठीवर ऊन यायला लागलं होतं, आणि खराट्याचा एकसारखा आवाज त्याला बरा वाटत होता.

मुलींचं आधी झालं. तृप्ती त्याचा भाग पाहायला आली. कमरेवर हात ठेवून तिने झाडाच्या बुंध्यापर्यंत नजर फिरवली.

"काकाजी, बुडाशी राहिलं."

हेमराज गुडघा धरून वाकला आणि बुडाशी झाडायला लागला.